कर्जाचा अर्ज मी मागे घेतलाय

पुणे,
रविवार, रात्री

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की बाबा 'हं, हं' करत फोन आईच्या हातात देतात आणि आई विचारते जेवलीस का. म्हणून लिहितेय. मुद्द्याचं आधी सांगते. बँकेतला कर्जाचा अर्ज मी मागे घेतलाय. सहअर्जदार मीच होते, शुक्रवारी तसं लेखी कळवलं. तेव्हा तुमच्या उद्यमनगरातल्या गाळ्यात ते व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं नवं मशीन, येणार नाही आणि संध्यामठ गल्लीतलं घर तारण पडणार नाही.

बाबा, पत्र लगेच खाली ठेवू नका. मी कोल्हापूरला येतेय, कायमची. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीचं काम मिळालंय आणि मी होकार देऊन बसलेय. चिरंजीवांची वार्षिक परीक्षा झाली की सामान हलवू. पगार इथल्यापेक्षा कमी आहे, पण फ्लॅटचं भाडं वाचेल. यांचं काम घरूनच चालतं. पुण्याला मीटिंग असेल तेव्हा वंदे भारतनं जाऊन येतील. २०२४ पासून आठवड्यातून तीन दिवस आहे, मीटिंग त्याच दिवसांत बसवायची. म्हणजे लेक येतेय. फक्त तुमच्या मनात होती तशी, मशीन घेऊन नाही.

तुम्ही कॅलेंडरच्या पाठीमागं मांडलेला हिशोब आईनं मला फोटो काढून पाठवला होता. (आईवर ओरडू नका, मीच मागितला.) दोन शिफ्ट, महिन्याचे पंचवीस दिवस, हप्ता जाऊन इतके उरतात. हिशोब चुकीचा नाही. पण त्यात मशीन एक दिवस रिकामं नाही, प्रोग्रॅमर पोरगा चार पैसे जास्त मिळाले म्हणून शिरोलीला पळत नाही आणि ट्रॅक्टरचा बाजार कधी पडत नाही. हे तिन्ही होताना तुमच्या गाळ्यातच मी बघितलंय. ऑर्डर थांबली की तुम्ही लेथला तेलपाणी करत बसायचा आणि आई घरात डाळ जरा पातळ करायची. तेव्हा निभावलं, कारण लेथवर कर्ज नव्हतं.

मी इथं नक्की काय करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. कंपनीला पार्ट पुरवणाऱ्यांच्या शॉपमध्ये जाऊन मी तपासणी करते. गेज बरोबर मोजतात याचे, म्हणजे कॅलिब्रेशनचे दाखले, पहिल्या नगाचा रिपोर्ट, कुठल्या हीटचं, म्हणजे भट्टीच्या कुठल्या ओताचं, कास्टिंग कुठल्या खोक्यात गेलं त्याची नोंद. माप बरोबर असेल आणि कागद नसतील, तरी माल अडून राहतो. तुम्ही मायक्रोमीटर पिवळ्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवता. बोअरमध्ये बोट फिरवून शतांश मिलिमीटरचा फरक सांगता आणि मग माप घेतलं की तेवढाच निघतो. तुमच्यासारख्या माणसाच्या गाळ्यातून फाईल मागून बाहेर पडताना मला काय वाटतं, ते मी घरी कुणाला बोलत नाही. पण नवं मशीन आणलं म्हणून ती फाईल आपोआप तयार होत नाही. तिला आणखी एक माणूस लागतो, त्याचाही पगार.

आणि पैसे. २०२४ पासून आयकराचा तो ४५ दिवसांचा नियम आहे खरा. लहान उद्योगाचं बिल तेवढ्यात भागवलं नाही आणि वर्ष संपलं तरी थकलेलंच राहिलं तर देणाऱ्याला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही. नियम चांगला आहे. पण नियमावर बोट ठेवून पैसे मागायला गेलं की पुढचं काम शेजारच्या गाळ्यात जातं, हे उद्यमनगरात डबा घेऊन येणाऱ्या पोरीला कुणी शिकवायला नको. वर विजेचं रडगाणं. कर्नाटकात वीज स्वस्त म्हणून आपले फौंड्रीवाले कितीतरी वर्षं सीमेपलीकडं जायची भाषा करतात. कागल ओलांडलं की कर्नाटकच. उद्या एखादा खरंच गेला तर तो भट्टीसकट जाईल, त्याच्या कास्टिंगवर जगणारा जॉबवर्कवाला मात्र जागेवर राहील, हप्त्यासकट. तुम्ही म्हणाल, मग तू कशी जातेस फौंड्रीत? माझी नोकरी गेली तर मी दुसरी शोधीन. घर गेलं तर या वयात तुम्ही काय शोधणार?

"या गावात आता काय राहिलंय," असं तुम्हीच मला बारावीनंतर म्हणाला होता, म्हणून मी पुण्याला आले. आयटी पार्कच्या नुसत्या बातम्या वाचत आमची अख्खी बॅच इकडं आली. आता मला तसं वाटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांचे वकील आणि पक्षकार आता मुंबईऐवजी आपल्याकडं उतरतात. ऑफिससाठी जागा शोधणारे तुमच्याही ओळखीत दोघं-तिघं आहेत. विमानतळाची नवी इमारत झाली. अंबाबाईची गर्दी तर बारा महिने. पण माझं विचाराल तर हा सगळा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा पैसा. लॉजवाल्याला, रिक्षावाल्याला, चौपाटीवरच्या भेळवाल्याला त्याचा हात मिळतो, मिळू दे. त्यातून टर्नर, लेथवरचा कारागीर, तयार होत नाही. ऑईल इंजिनापासून इथल्या माणसांनी हातानं जे उभं केलं, ते ज्ञान अजून शिल्लक आहे ते फौंड्रीत आणि मशीनशॉपमध्येच, आणि मला तिथंच काम करायचंय. आजोबांची शाहू मिल १९०६ ची. २००३ ला बंद पडली, तरी भोंग्याची आठवण काढणारी माणसं गल्लीत आहेत. उद्यमनगरचं तसं होऊ नये असं मलाही वाटतं. फक्त ते तुमच्या एकट्याच्या घराच्या कागदांवर वाचवायचं नाही.

खरं सांगू, २०१९ च्या महापुरात आणि परत २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, तेव्हाच माझं निम्मं ठरलं होतं. रस्ता बंद, इथं मी फोन धरून बसलेली आणि तिकडं तुम्ही "आपल्या बाजूला काही नाही गं" म्हणताय. तुम्ही सांगत होता ते खरंच होतं. पण मला झोप लागत नव्हती.

आता गाळ्याचं. तो मोडीत काढा असं मी म्हणत नाही. शेजारची ती आयटीआयची दोन पोरं जागा शोधतायत, मिस्त्रीकाकांनीच सांगितलं. अर्धा गाळा त्यांना भाड्यानं द्या. कर्ज ती काढतील, त्यांचं वय आहे. तुमचा राजकोटचा लेथ खिडकीकडं आहे तिथंच राहील. सकाळी दहा ते एक जायचं, पोरांना हात बसेपर्यंत शिकवायचं. चकची चावी चकात विसरली तर मला जसे ओरडायचा तसे त्यांना ओरडा. त्याच लेथवर तुम्ही मला पितळी भोवरा करून दिला होता. सगळ्या गल्लीच्या लाकडी भोवऱ्यांना त्यानं खोका पाडल्या आणि शेवटी मंडईजवळच्या गटारात गेला. तुम्ही बाही वर करून हात घातला होता, आठवतंय? आई दारातून ओरडत होती, आणि तुम्ही मला डोळा मारला.

आई, तुझ्यासाठी वेगळं लिहिते. वरच्या मजल्यावर आम्ही राहू, पण चूल एकच. तुला जड होईल तिथं मी बाई लावणार आहे आणि तिच्या भाकरीला नावं ठेवायची नाहीत. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घे, मी आल्यावर नाही, आत्ता. थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत आलं म्हणून गच्चीवरची टाकी भंगारात द्यायला निघाली होतीस, ती ठेव. पाणी अधूनमधून बंद असतंच. रंकाळ्याला पहाटे जातेस ते चांगलं, पण पदपथापर्यंतच. काठाला खाली उतरू नकोस, शेवाळ असतं. आणि जलपर्णी काढली, परत आली म्हणून रोज मन कष्टी करून घेऊ नकोस. नाल्याचं सांडपाणी थांबल्याशिवाय ती येतच राहणार. साखरेची गोळी जेवणाआधीची आधीच घ्यायची. गुळाचा चहा म्हणजे साखर नव्हे, हे डॉक्टर मानत नाहीत, मीही मानत नाही.

बाबा, रागावला असाल तर आल्यावर समोर बसवून रागवा. तुम्हाला न विचारता मी हे केलं, कारण विचारलं असतं तर तुम्ही "बरं, तू म्हणशील तसं" म्हणाला असता आणि आतून आठ दिवस जेवला नसता. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्कूटर घ्यायची नाही असं ठरलंय. मिरजकर तिकटीला कुणीतरी तुम्हाला स्कूटरवर बघितलंय. कोणी ते सांगणार नाही. रिक्षा लावा.

पांढऱ्या रश्शासाठी मिक्सर नवा आणतेय, जुन्याला हात लावू नका, शॉक देतो.

तुमची
मनी

ता. क. — अर्ज रद्द झाल्याचं पत्र बँकेतून पोस्टानं येईल. पोस्टमनकडून आईनं सही करून घ्यावं. सोबत घराचे मूळ कागद घ्यायला कधी यायचं ते कळवतील. बाबांनी एकट्यानं जायचं नाही, साहेब परत चहा पाजून बसवून घेतील. मी शनिवारी येतेय, दोघं मिळून जाऊ.