‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला अपुरा

मा. संपादक महोदय,

बारावीची परीक्षा जवळ आली की घाबरलेल्या मुलांना ‘दीर्घ श्वास घे’ असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षिका म्हणून अनेक वर्षे काम करताना मीही हेच सांगत आले, पण हा सल्ला अर्धवट आहे हे मला एका विद्यार्थिनीमुळे उमगले. प्रश्नपत्रिका हाती पडण्यापूर्वीच तिला धाप लागली होती. माझे ऐकून ती आणखी जोरात श्वास ओढू लागली, तशा तिच्या बोटांना मुंग्या आल्या आणि तिला गरगरू लागले.

त्याचे कारण साधे आहे. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त श्वासोच्छ्वास करत असतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यातून मुंग्या, चक्कर, छातीवर दडपण अशी लक्षणे उद्भवतात आणि आपल्याला काहीतरी गंभीर झाले आहे या समजुतीने भीती दुणावते. अशा वेळी भर द्यायला हवा तो श्वास सोडण्यावर. नाकाने चार अंक मोजेपर्यंत सहज, छाती न फुगवता श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत तो सावकाश सोडावा. म्हणजे एरवी मिनिटाला १२ ते २० वेळा होणारे श्वसन सहाच्या आसपास येते. श्वास सोडताना व्हेगस या चेतातंतूचा प्रभाव वाढून हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे शरीरशास्त्राला ठाऊक आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम या योगसंस्थेची स्थापना करून प्राणायामाच्या परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली होती. तेव्हा हे ‘माइंडफुलनेस’ (श्वासाकडे, चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देणे) या नावाने परदेशातून आलेले खूळ आहे, असे म्हणण्याचे कारण नाही.

मात्र म्हणून त्याचा सक्तीचा तास सुरू करावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. ब्रिटनमधील ऐंशीहून अधिक शाळांतील आठ हजारांवर विद्यार्थ्यांच्या अभ्यासात, वर्गातील सरसकट माइंडफुलनेस शिक्षणाचा नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक लाभ दिसला नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत, चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांच्या अभ्यासात, आठ आठवड्यांचे असे प्रशिक्षण एसिटालोप्राम या औषधाच्या तोडीचे ठरले. परंतु ती माणसे स्वेच्छेने आली होती आणि रोज घरी सराव करत होती. चालू असलेले औषध यावरून कोणी आपल्या मनाने बंद करू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. शिवाय काही मुलांना श्वासाकडे लक्ष दिल्यानेच अधिक गुदमरते. त्यांना डोळे मिटायला न लावता, जमिनीवर टेकलेल्या तळव्यांकडे किंवा समोरच्या वस्तूंकडे लक्ष द्यायला सांगावे.

ऐन परीक्षेच्या सकाळी शिकवलेली ही गोष्ट कामी येत नाही. पूर्वपरीक्षेच्या आधीपासून, ज्यांना हवे त्यांच्यासाठी, वर्गशिक्षकांनी रोज पाच मिनिटे ती करून घ्यावी. तेवढ्याने ज्यांचे भागणार नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक केंद्राच्या दर्शनी फलकावर, बैठक व्यवस्थेच्या तक्त्याशेजारी, ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा, अशी शिक्षण मंडळाला विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा