थेरपी दुसऱ्या भेटीनंतर का सुटते?

संपादक महोदय,

‘दोनदा गेलो, नुसतं बोलायला लावलं; गोळी नाही, सुई नाही’ असे म्हणत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे बोलण्यातून आणि सरावातून मनावर उपचार (थेरपी) करणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाणे अर्ध्यावर सोडणारे मराठवाड्यात पुष्कळ. तिथे काय होणार, हे त्यांना आधी कुणी सांगितलेलेच नसते.

हा तज्ज्ञ औषध लिहून देत नाही; ते काम सायकियाट्रिस्टचे, म्हणजे मनोविकारांच्या डॉक्टरचे. झोप-भूक पार उडाली असेल, भास होत असतील तर तो स्वतःच तिकडे पाठवतो. दोन्ही उपचार एकत्रही चालतात. ‘काउन्सेलर’ अशी पाटी मात्र कुणीही लावतो, म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बेधडक विचारावा.

पाऊण-एक तासाची पहिली भेट प्रश्नांतच जाते: त्रास कधीपासून, झोप किती, घरात आणखी कुणाला होता का, दारू, चालू गोळ्या. थायरॉइडचा रिपोर्ट असल्यास न्यावा; त्या बिघाडातही उदासी येते, छातीत धडधडते. बरेचदा ‘पीएचक्यू-९’ हा उदासी मोजणारा ९ प्रश्नांचा कागद भरून घेतात. गेल्या २ आठवड्यांचा हिशेब, गुण ० ते २७. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे पोलिसांच्या धास्तीने खोटे लिहू नये. असा विचार येणे गुन्हा नाही, आणि प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असेच २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गृहीत धरतो. बोललेले गुप्त ठेवण्याचे बंधनही त्याच कायद्यात आहे; जिवाला धोका असेल तरच घरच्यांना सांगतात. तेव्हा सोबत आलेल्या काकांना बाहेर बसवले तर त्यांनी रुसू नये.

खरे काम त्यानंतर, आणि बरेचसे घरी. नीटच्या विद्यार्थ्याला वहीत रकाने आखून देतात. प्रसंग: सराव परीक्षेत ४१० पडले. विचार: ‘संपलं, बापाचे पैसे पाण्यात.’ भीती: शंभरपैकी ९०. मग मागच्या तीन परीक्षांचे गुण समोर ठेवून त्या विचाराच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे लिहायचे व भीती पुन्हा मोजायची. ती ६० वर आली तरी पुष्कळ; शून्याची वाट पाहू नये. आठवड्याची वही भेटीच्या सकाळी एका बैठकीत भरली तर आकडे अंदाजाचे होतात, उपयोग जातो.

एसटीत जीव घाबरा होणाऱ्याला आधी स्टँडवर, मग उभ्या गाडीत, मग पुढच्या थांब्यापर्यंत बसायला सांगतात. धडधड वाढताच उतरले की ‘उतरलो म्हणून वाचलो’ हेच मनात पक्के होते. म्हणून भीती ओसरू लागेपर्यंत जागचे हलायचे नाही. या टप्प्यात त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि नेमके तेव्हाच लोक येणे थांबवतात.

विचार आणि वागणे असे सरावाने बदलण्याच्या या पद्धतीला सीबीटी म्हणतात; तिला साधारण १२ ते २० भेटी लागतात, शक्यतो आठवड्याला एक. किनवटहून नांदेडला दर आठवड्याला येणे जमणार नसेल तर पहिल्याच दिवशी सांगावे. भेटींमधले अंतर आणि घरचा अभ्यास त्याप्रमाणे ठरवता येतो. खासगी फी झेपत नसल्यास जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत चौकशी करावी. रात्री-अपरात्री मन फारच खचले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास.

– एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, नांदेड