बाथरूममधल्या त्या वस्तूबद्दल

प्रिय आई-बाबा,

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. टीव्हीवर फ्लोरिडाचं वादळ दाखवलं की लगेच फोन लावत बसू नका, माझी बिल्डिंग किनाऱ्यापासून लांब आहे, किती वेळा सांगू.

आता तो समुद्री स्पंज, व्हिडिओ कॉलवर बाथरूममध्ये दिसलेला. बाबा म्हणाले मेलेला प्राणी अंगाला घासतोस. हो, प्राणीच आहे तो, पण त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, समुद्राच्या तळाला चिकटून पाणी गाळत जगतो. आपल्या हातात येतो तो नुसता सांगाडा, हाडांचा नाही, मऊ धाग्यांचा. आपल्या घोसाळ्याच्या वाळक्या जाळीसारखा समज, पण भिजला की खूपच मऊ. टँपाहून तासाभरावर टार्पन स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे, तिथे 1905 पासून ग्रीसच्या बेटांवरचे पाणबुडे येऊन राहिले आणि त्यांची पोरं-नातवंडं अजून स्पंज काढतात. समुद्रातून काढलेला स्पंज काळाकुट्ट कातडीचा असतो आई, तो बोटीवरच ओल्या गोणपाटाखाली कुजवतात, इतका वास मारतो म्हणे की बस, मग खरवडून धुवून धुवून असा पिवळा होतो. कापतानाही बुडखा तळाशी ठेवतात, तो परत वाढतो, म्हणजे मुळासकट मारत नाहीत बाबा! 6 जानेवारीला त्यांच्या एपिफनीच्या सणाला तर तिथली ग्रीक पोरं थंड पाण्यात फेकलेला क्रॉस काढायला उड्या मारतात, ज्याला मिळेल त्याला वर्षभर आशीर्वाद. दुकानातल्या आजोबांनी बजावलंय, कोरडा लावायचा नाही, आधी भिजवायचा. किंमत विचारू नका. तुमच्यासाठी पण दोन घेतलेत, इकडून कोणी येत असेल त्याच्याबरोबर पाठवतो, दिवाळीच्या उटण्याला बरे पडतील.

दिवाळीला माझं काही खरं नाही. आणि छकुलीच्या साखरपुड्याचंही तेच, आत्ता आलो तर व्हिसाच्या स्टॅम्पिंगमध्ये अडकेन, नोकरी जाईल, हे तिला नीट समजावून सांगा, ती फोनवर नुसतं हं हं करते. हॉलच्या ॲडव्हान्सचे पन्नास हजार काल टाकलेत, कॅटररचे पुढच्या महिन्यात. बाबांनी एफडी मोडायची नाही, मी आहे ना. सगळ्यांचे फोटो पाठवा, मी सुट्टी टाकून रात्रभर लाइव्ह बघणार आहे.

नाशिकच्या मुलीचा फोटो पाहिला. नाही म्हणालो नाही, पण हो पण समजू नका, आणि आत्याला तर अजिबात सांगू नका.

तुमचा,
मंदार