मेडिकलवाल्या भाऊंना, गोळी न दिल्याबद्दल

भाऊ, सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातली भर दुपार, गंजगोलाईच्या मागच्या बोळातलं तुमचं दुकान आणि पायरी चढता येईना म्हणून शटरच्या पट्टीला धरून उभा राहिलेला मी. "दुखण्याची गोळी द्या, जरा तेजच," असं म्हणालो होतो. तुम्ही पाकीट काढलंत, माझ्या पायांकडं बघितलंत आणि ते परत खणात टाकलंत. मला राग आला. मी स्वतः दुकानदार, गिऱ्हाइकाला माल नाही म्हणायचं माझ्या डोक्यात बसत नाही. वर तुम्ही चार माणसांत विचारलंत काय, तर "लघवीचा रंग कसाय?"

त्या दिवशी अर्धंच सांगितलं होतं, आता सगळं सांगतो. शुगर काठावर आली म्हणून भाच्यासोबत जिमला गेलो. आमचे आजोबा तालमीत पाचशे बैठका मारायचे, हे मी घरात इतक्यांदा ऐकवलंय की भाचा म्हणाला, "मामा, दोनशे तर मारून दाखवा." मारल्या. वय 44, वीस वर्षं गादीवर बसून काढलेली, वर तापलेले पत्रे. दुसऱ्या दिवशी पाय दुखले. व्यायामानं दुखणारच, म्हणून गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी मांड्या अशा टरटरल्या की पँट चढेना, संडासात बसता येईना. लघवी काळपट दिसली तेव्हा घरचे म्हणाले, उन्हाळी लागली. मग सब्जा झाला, धन्याजिऱ्याचं पाणी झालं. लातूरच्या मे महिन्यात दुसरं काय सुचणार?

तुम्ही मात्र एका वाक्यात सोडवलंत. "उन्हाळीत आग होते, पिवळीजर्द होते. तुम्ही कोऱ्या चहासारखी म्हणायलाव, अन् आग तर नाही. ही गोळी आता किडनीवर जाईल, मी देणार नाही." मी हुज्जत घालत असतानाच तुम्ही ऑटो थांबवला, शेजारच्या पोराला गल्ल्यावर बसवलं आणि माझे पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवलेत.

दवाखान्यात सीपीके नावाची तपासणी झाली. साधारण दोनशेच्या आत असावा तो आकडा माझा 41 हजार. बैठकांनी मांडीचे स्नायू फुटून त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरलं होतं आणि किडनीत अडकायला लागलं होतं. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसत होतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नाहीत, म्हणजे पट्टीला रक्त वाटलं ते हे मायोग्लोबिनच. डॉक्टरांनी तिथंच ओळखलं. आजाराचं नाव रॅब्डोमायोलिसिस. मला अजून एका दमात म्हणता येत नाही. तुमच्याकडं मागितलेल्या त्या गोळीनं किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी झाला असता, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी कॉटवर उठून बसलो.

पुढं चार दिवस सलाईन. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं आपलं गाव, आणि मी एकटा बाटल्यामागून बाटल्या संपवत होतो. लघवीचा रंग उतरत गेला, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन जागेवर आलं, डायलिसिसची वेळ आली नाही. घरी आल्यावर भाचा आठवडाभर माझ्यासमोर आला नाही. त्याचं काय चुकलं, तोंड माझंच.

आता डॉक्टरांना विचारून पंधरा बैठका मारतो. ऊन चढायच्या आत, पाणी पिऊन. आजोबांचं नाव काढत नाही. त्यांनी पाचशेपर्यंत जायला किती वर्षं घेतली, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

ऑटोचे साठ रुपये द्यायला तीनदा आलो, तुम्ही तिन्हीदा "राहू द्या हो" म्हणालात. तर मग येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, वहिनींना अन् लेकरांना घेऊन आमच्या शेतात या. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं असतंय. मेडिकल चालू ठेवावं लागतं म्हणाल, पण त्या दिवशी अख्खा लातूर शेतात असतो, गोळ्या घ्यायला येणार कोण? ऑटो मी पाठवतो.

तुमचा,
पायरीवरचा गिऱ्हाईक