दुरुस्तीनंतर होइस्टचा वरचा लिमिट स्विच निकामी झाल्याबाबत तक्रार

दिनांक : 5 ऑगस्ट 2024

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : 19 जुलै रोजी आपल्या तंत्रज्ञाने केलेल्या चुकीच्या जोडणीमुळे 2 टनी इलेक्ट्रिक चेन होइस्टवर (चेनने माल उचलणाऱ्या यंत्रावर) झालेला अपघात.

महोदय,

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमचे मशीनशॉप आहे. इथल्या फाउंड्र्यांमधून येणारी कास्टिंग (ओतीव भाग) आम्ही मशीनिंग करून देतो. 2022 साली आपला दोन पदरी चेनचा होइस्ट घेतला आणि दोन वर्षे त्याने चांगले काम दिले, हे आधीच सांगतो. माझी तक्रार यंत्राच्या बनावटीबद्दल नाही. दुरुस्ती ज्या पद्धतीने झाली, त्याबद्दल आहे.

8 जुलैला सहाशे किलोचे कास्टिंग उचलून थांबवले की वीतभर खाली सरकू लागले. या होइस्टचा ब्रेक स्प्रिंगने दाबला जातो आणि वीज मिळाली की चुंबक तो सोडवतो. लायनिंग झिजले की मधली फट वाढते, पकड ढिली होते आणि माल घसरतो. हे माहीत असल्यामुळे त्याच दिवशी होइस्ट बंद केला आणि आपल्याकडे तक्रार नोंदवली. माणूस अकराव्या दिवशी आला. तोवर आम्ही हाताच्या चेन पुली ब्लॉकवर दिवस काढले. उशीर झाला, पण आज त्याचा राग नाही.

आपल्या तंत्रज्ञाने होइस्ट खाली उतरवून ब्रेक डिस्क बदलली. फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजली नाही. आमच्याकडचा गेज पुढे केला तर "गरज नाही" म्हणाला. होइस्ट परत चढवून केबल जोडली आणि बटण दाबले, तेव्हा आमचा हेल्पर ओरडला, "मालक, वर दाबलं की हूक खाली याय लागलाय!" केबल जोडताना पुरवठ्याच्या तीन फेजच्या तारांपैकी दोन उलट्या लागल्या होत्या, त्यामुळे मोटर उलटी फिरत होती. असे होऊ शकते. मेन स्विच बंद करायचा आणि पुरवठ्याच्या केबलवर आर, वाय, बी यांपैकी कोणतेही दोन फेज अदलाबदल करायचे, पाच मिनिटांचे काम. पण त्याने त्याऐवजी पेंडंट, म्हणजे खाली लोंबणारा बटणांचा डबा, उघडला, वर आणि खालीच्या बटणांच्या तारा एकमेकींच्या जागी लावल्या आणि म्हणाला, "झालं, आता बरोबर चालतंय." भार न लावता रिपोर्टवर माझी सही घेतली आणि गेला. सही केली ही माझी चूक मी मान्य करतो.

पेंडंटमधल्या तारा बदलल्या तरी फेज उलटेच राहिले. वरचा लिमिट स्विच, म्हणजे हूक शेवटपर्यंत वर गेला की मोटर थांबवणारा स्विच, 'वर' नेणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या) कॉइलच्या तारेत असतो. आता 'वर' बटण दाबले की प्रत्यक्षात 'खाली'चा कॉन्टॅक्टर ओढला जात होता आणि उलट्या फेजमुळे मोटर हूक वर नेत होती. हूक ब्लॉक लिमिटला जाऊन भिडला तरी लिमिट जो कॉन्टॅक्टर तोडतो, तो आधीच सुटलेला असल्याने मोटर थांबण्याचे काही कारणच उरले नव्हते.

22 जुलैला नेमके हेच घडले. तेच सहाशे किलोचे कास्टिंग मशीनच्या कठड्यावरून पलीकडे न्यायचे होते. स्लिंगचा तोल बघण्याच्या नादात हेल्परचे बोट बटणावर क्षणभर जास्त राहिले. हूक ब्लॉक होइस्टच्या अंगावर आदळला, चेन गाइड वाकला, दोन कड्यांवर खोल खाचा पडल्या. जास्त ताण आला की सुटणारा स्लिप क्लच घसरला म्हणून चेन तुटली नाही. खाली कोणी नव्हते, कारण उचललेल्या मालाखाली उभे राहायचे नाही हा नियम माझ्या वडिलांनी उद्यमनगरात एका लेथवर धंदा सुरू केला तेव्हापासून आमच्याकडे पाळला जातो.

माल खाली घ्यायला गेलो तर 'खाली' बटण काम करेना. लिमिट दाबलेला होता आणि तारा बदलल्यामुळे त्या बटणाला जोडलेला 'वर'चा कॉन्टॅक्टर त्याने तोडून ठेवला होता. माल हवेत लटकलेला, ना वर ना खाली. शेजारच्या शॉपमधून फोर्कलिफ्ट आणून कास्टिंग खालून आधाराने उतरवले, दोन तास लागले. आमचे जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी नंतर गाइड तात्पुरता सरळ करून रिकामा हूक खाली-वर केला आणि लांब लाकडी काठीने लिमिटचा दांडा दाबून पाहिला. वर जाताना हूक थांबला नाही, खाली येताना थांबला. याचे चित्रीकरण सोबत जोडले आहे.

आपल्या 29 जुलैच्या मेलमध्ये लिहिले आहे की लिमिट स्विच रोजच्या थांबण्यासाठी नसतो, म्हणून ही चालकाची चूक. पहिले वाक्य खरे आहे आणि आम्ही तो रोज वापरत नाही. पण तो माणसाची चूक झाली तर शेवटचा आधार म्हणून बसवलेला असतो. तोच आधार आपल्या माणसाने काढून घेतला.

त्याआधी फोनवर एका व्यक्तीने सल्ला दिला, "खराब कड्या कापून वेल्डिंगने जोडून घ्या." ही चेन उष्णोपचार केलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तिची ताकद जाते आणि कडीची लांबी किंचित जरी बदलली तरी ती लोड व्हीलच्या (चेन ओढणाऱ्या चाकाच्या) खाचेत नीट बसत नाही. असा सल्ला कंपनीतून यावा याचे मला फार वाईट वाटले. चेन पूर्णच बदलावी लागेल.

अपघाताच्या आठवड्यात पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती. तेव्हा माणूस पाठवणे शक्य नव्हते, हे समजतो. आता पाणी ओसरले आहे. चेन, चेन गाइड आणि हूक ब्लॉक आपल्या खर्चाने बदलून द्यावेत, फेज पुरवठ्याच्या बाजूने सरळ करून पेंडंट मूळ जोडणीवर आणावा, ब्रेकची फट मोजून आकडा रिपोर्टवर लिहावा, लिमिट माझ्यासमोर आधी रिकाम्या हुकाने तपासावा आणि मग भार लावून चाचणी द्यावी. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 29 नुसार सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांतून किमान एकदा होणारी तपासणी आम्ही वेळेवर करतो. आता नव्या चेनसह ती पुन्हा करून घेईन. तोवर मेन स्विचला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याजवळ आहे.

सगळ्यात महत्त्वाचे. तो तरुण मुलगा मन लावून काम करत होता. त्याला कोणीतरी हीच पद्धत शिकवली असावी. त्याला शिक्षा करू नका, पण त्याने मागच्या वर्षभरात जिथे जिथे केबल काढून जोडली, त्या सगळ्या शॉपना आजच फोन करा. होइस्ट बंद ठेवायला सांगा आणि मामांनी केली तशी लिमिटची तपासणी लांबून, रिकाम्या हुकावर करून घ्या. ती यादी आपल्याकडेच आहे. फोन सुरू केल्याचे मला 12 ऑगस्टपर्यंत लेखी कळवावे. न कळवल्यास मला माझ्या परिचयातल्या शॉपमध्ये स्वतः जाऊन सांगावे लागेल आणि हेच पत्र औद्योगिक सुरक्षा विभागाकडे द्यावे लागेल.

आपला,
मशीनशॉपचालक, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर