कोड स्वतः चालवून पाहणाऱ्या तुम्हाला

नमस्कार,

ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेतला माझा अडलेला कोड तुम्ही उघडून पाहिलात, त्याला आठवडा झाला. आभार मानायचे राहिले आहेत आणि ते मनातून जात नाहीत.

फाइल वाचणारं फंक्शन एक एरर देत होतं, वाचलेल्या मजकुराची फोड करणारा पार्सर दुसरी, तपासणी तिसरी. तिन्ही रिझल्ट (यश किंवा एरर सांगणारी उत्तरं) लेट-स्टारने, म्हणजे पायऱ्या एकापुढे एक जोडणाऱ्या ‘let*’ने, जोडायला गेलं की कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम, पहिल्याच सांध्यावर अडवायचा, कारण तिथे दोन्हीकडचा एररचा टाइप (प्रकार) एकच लागतो. तुमच्याआधी एकाने ‘सगळ्याची स्ट्रिंग (नुसता मजकूर) कर’ म्हणून हात झटकले, दुसऱ्याने मोनाड या अमूर्त संकल्पनेची व्याख्या ऐकवली. कोड कुणीच उघडला नाही. स्ट्रिंग केली की ‘फाइलच नाही’ आणि ‘सतरावी ओळ बिघडली’ यांतला फरक पुसला जातो. तो टिकावा म्हणून तर मी या भाषेकडे आले होते!

तुमच्या उत्तराची पहिली ओळ होती, ‘चालवून पाहिलं, माझ्याकडेही हीच एरर येते.’ उपाय त्यानंतर आला, पण माझे डोळे या ओळीवरच भरून आले. दोन रात्री मी धरून चालले होते की दोष माझ्या समजेतच आहे. तुम्ही आधी माझ्या अडचणीत येऊन बसलात, मग बोललात. अनोळखी माणसासाठी इतकं करायला मोठं मन लागतं, आणि अशी माणसं आहेत म्हणूनच कितीतरी जण शिकणं अर्ध्यावर सोडत नाहीत.

बाकी दुरुस्ती एका चिन्हाची होती. पॉलिमॉर्फिक व्हेरियंट, म्हणजे आधी जाहीर न करता वापरता येणारी एररची नावं, मी वापरले होते, पण प्रत्येक फंक्शनचा टाइप बंद, म्हणजे ठरलेल्या नावांपुरताच, लिहिला होता. चौकटी कंसात ‘>’ घातल्यावर तो खुला झाला आणि तिन्ही एररची बेरीज कंपायलरने स्वतःच केली. धोकाही तुम्ही लपवला नाहीत: व्हेरियंटच्या नावात एक अक्षर चुकलं तर तो नवाच व्हेरियंट धरला जातो, म्हणून अगदी बाहेरच्या फंक्शनवर टाइप बंदच ठेवा.

काल चौथा टप्पा जोडला, नेटवर्कचा. टाइमआउट त्या बंद टाइपमध्ये लिहायचा राहिला होता. कंपायलरने तिथेच थांबवलं. तेव्हा तुमचीच आठवण झाली.

मनापासून आभार.