नऊ नंबरचा शिअरर आणि बाबांचं हेड

न्यूकॅसल,
रविवार सकाळ

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा "जेवलीस का, थंडी किती हाय" एवढं विचारून फोन आईच्या हातात देतात, आणि बाबा शेजारीच बसलेले असतात म्हणून आई मोकळं बोलत नाही. तेव्हा कागदच बरा. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस, मला लगेच कळेल.

काल संध्याकाळी सेंट जेम्स पार्कवरून चालत घरी आले. स्टेडियमबाहेर अ‍ॅलन शिअररचा, न्यूकॅसलच्या आणि इंग्लंडच्या जुन्या फॉरवर्डचा, ब्राँझचा पुतळा आहे, 2016 मध्ये बसवलेला. गोल मारल्यावर करायचा तसाच उजवा हात वर. कोलांट्या नाहीत, शर्ट काढून पळणं नाही, नुसता एक हात. बाबा, तुम्हाला तो आवडायचा तो ह्याच्यासाठीच. "गोल मारणं त्याचं कामच हाय, नाचायचं कशाला?" असं म्हणायचात.

1998 चा वर्ल्ड कप आठवतो ना? कोल्हापुरात आपल्या पेठेत घरटी ब्राझील नाहीतर अर्जेंटिनाचे झेंडे, आणि आपल्या एकट्याच्या घरात इंग्लंड. रात्री साडेबाराला सुरू झालेली अर्जेंटिनाची मॅच. मी बारा वर्षांची, आईची नजर चुकवून तुमच्या मांडीला टेकून बसलेली. बेकहॅमला लाल कार्ड, इंग्लंडचे दहाच गडी, आणि शेवटी शेवटी कॅम्पबेलनं हेडनं गोल मारला. इंग्लंडवाले नाचत सुटले. मीही उठले. तुम्ही मात्र बसूनच. "फाउल हाय त्यो. शिअररचं कोपर बघ की, गोलकीपरच्या तोंडावर!" रेफ्रीनं गोल नाकारला तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख कमी आणि आपलं बरोबर ठरल्याचं समाधान जास्त होतं. आयुष्यभर स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलेल्या माणसाला फॉरवर्डच्या कोपराचा हिशेब बरोबर कळतो. पुढं पेनल्टीवर इंग्लंड हरलं. शिअररनं मात्र मॅचमधली आणि नंतरची, दोन्ही पेनल्ट्या घातल्या होत्या.

ह्या गावात राहून मला त्याची बाकीची गोष्ट कळली. तो गॉसफोर्थचा, म्हणजे माझ्या घरापासून मेट्रोनं थोड्याच अंतरावरचा. जन्म 1970. वडील पत्र्याच्या कारखान्यात कामगार. पोरगं वॉलसेंड बॉइज क्लबात खेळायचं. बाबा, हा क्लब म्हणजे त्यांची तालीमच समजा. टाइन नदीकाठी जहाजं बांधायचे, तिथल्या कामगार पोरांसाठी 1904 मध्ये सुरू झालेला. इंग्लंडकडून खेळलेला बिअर्ड्सली तिथलाच, मायकल कॅरिकही तिथलाच. जहाजांचे कारखाने गेले, क्लब राहिला. आपल्याकडं कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले, तसाच काहीसा प्रकार. ऑफिसातल्या लोकांना मी हे सांगितलं की पैलवानांच्या आखाड्यातून फुटबॉल कसा निघाला हे त्यांना कळतच नाही, आणि इंग्लिशमध्ये समजावताना मलाही हसू येतं.

न्यूकॅसलनं त्याला लहानपणी तपासून पाहिलं होतं, पण उचललं साउथॅम्प्टन क्लबनं. जॅक हिक्सन नावाच्या स्काउटनं त्याला हेरलं. इंग्लंडच्या पार दुसऱ्या टोकाला, पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून गेला. आई, तू मला पुण्याला होस्टेलवर सोडून परत जाताना एसटीत रडलीस ते मी सतरा वर्षांची असताना. तो त्याहून लहान होता. 9 एप्रिल 1988 ला आर्सेनलविरुद्ध त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं आणि त्यानं सरळ तीन गोल ठोकले. वय 17 वर्षं 240 दिवस. वरच्या डिव्हिजनमध्ये एवढ्या लहान वयात कुणीच हॅटट्रिक केली नव्हती. जिमी ग्रीव्हजचा तीस वर्षांचा विक्रम गेला. त्याला उतरवणारा मॅनेजर होता ख्रिस निकोल. हे नाव ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

पुढचं तुम्हाला पाठ आहे, भरभर सांगते. 1992 मध्ये ब्लॅकबर्न क्लबात गेला. त्याच डिसेंबरात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, सीझन गेला. परत आला आणि एका सीझनला 31, पुढच्याला 34, त्याच्या पुढच्याला परत 31 गोल. 1995 ला ब्लॅकबर्न लीग जिंकलं. आनंद कसा साजरा करणार विचारलं तर म्हणाला, घरी जाऊन कुंपणाला रंग देणार. इथले लोक हे अजून सांगून हसतात. 1996 च्या युरो स्पर्धेत पाच गोल, सगळ्यांत जास्त.

आणि मग तो निर्णय, ज्याच्यावरून आपण दोघं भांडत आलोय. मँचेस्टर युनायटेडही मागं लागलं होतं, आणि हा दीड कोटी पाउंडांत न्यूकॅसलला परतला. त्या वेळी जगातला सगळ्यांत महाग खेळाडू. स्वागताला पंधरा हजार माणसं जमली. तुमचं म्हणणं कायमचं ठरलेलं: "चुकला गडी. मँचेस्टरला गेला असता तर कपाट भरलं असतं." खरंच आहे. न्यूकॅसलमध्ये दहा वर्षांत त्याला एकही कप मिळाला नाही. 1998 आणि 1999, दोन एफए कप फायनल, दोन्ही दोन-शून्यनं हरले. मीही तुमच्या बाजूनंच होते. पण इथं राहून थोडी डगमगलेय. सकाळी मेट्रोत, बेकरीत, दाढीवाल्या पेन्शनरांच्या टोळक्यात, कुठंही त्याचं नाव निघालं की माणसं आपल्याच घरातल्या पोराबद्दल बोलावं तशी बोलतात. एकूण 206 गोल, जॅकी मिलबर्नचा 200 चा विक्रम मोडून. प्रीमियर लीगमध्ये दोन्ही क्लबांचे मिळून 260, आणि तो आकडा अजून कुणाला गाठता आलेला नाही. शेवटची मॅच एप्रिल 2006 मध्ये संडरलंडला, म्हणजे सख्ख्या वैऱ्याच्या मैदानावर. पेनल्टी घातली आणि थोड्याच वेळात गुडघा दुखावून बाहेर आला तो कायमचा. निरोपाच्या मॅचला तर लंगडत येऊन एक पेनल्टी मारण्यापुरताच उतरला.

2025 मध्ये न्यूकॅसलनं लीग कप जिंकला. सत्तर वर्षांनी देशातला मोठा कप. त्या दिवशी शिअरर वेम्बलीवर प्रेक्षकांतच होता. तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "शिअररनं किती मारले?" मी हसले. मला वाटलं, गंमत करताय.

बाबा, आता जे लिहायचंय ते हेच.

शिअररच्या 260 गोलांपैकी 46 हेडचे. मॅचमध्ये एक गोल हेडनं मारायचा म्हणजे सरावात हजार वेळा डोकं मारायचं, असा त्याचा हिशेब होता. खेळ सोडल्यावर त्याच्या मनात आलं, ह्या सगळ्याचं मेंदूला काय झालं असेल? 2017 मध्ये बीबीसीनं त्याच्यासोबत त्यावर फिल्म केली. मी ती मागच्या महिन्यात पाहिली आणि रात्रभर झोपले नाही. त्यात तो ख्रिस निकोलला भेटायला जातो. साउथॅम्प्टनचा तोच मॅनेजर, आणि मॅनेजर होण्याआधी तुमच्यासारखाच स्टॉपर. जन्मभर चेंडू डोक्यानं परतवलेला. तो शिअररला शांतपणे सांगतो की माझा मेंदू गेलाय, मला ठाऊक आहे, आणि दिवसेंदिवस वाढतंय. निकोल 2024 मध्ये गेला.

जेफ अ‍ॅस्टल म्हणून वेस्ट ब्रॉम क्लबचा सेंटर फॉरवर्ड होता, 1968 च्या एफए कप फायनलचा गोल त्याचाच. 59 व्या वर्षी गेला. मृत्यूची चौकशी झाली आणि निकाल लागला: कामातून जडलेला आजार. खाणकामगाराला फुप्फुसाचा होतो, तसा ह्याला डोक्याचा. 2019 मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडच्या 7,676 जुन्या व्यावसायिक खेळाडूंचे कागद तपासले. मेंदू झिजण्याच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण इतर लोकांच्या साडेतीन पट निघालं. नंतर मैदानावरच्या जागेनुसार पाहिलं, तर गोलकीपरांना फरक नाही आणि डिफेंडरांना सगळ्यांत जास्त. आता इथं प्राथमिक शाळेच्या वयाच्या पोरांना सरावात हेड मारायला शिकवत नाहीत.

तुम्ही व्यावसायिक नव्हतात, बँकेतली नोकरी सांभाळून खेळलात, हे मला माहीत आहे. ते आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत. पण शाहू स्टेडियमवर तुमचं हेड बघायला माणसं यायची हे तुम्हीच सांगता. दगडासारखा चामड्याचा चेंडू, गोलकीपरनं लांब मारलेला, आणि तुम्ही कपाळ पुढं करून उभे. "डोळं मिटायचं न्हाई." मलाही गल्लीत प्लास्टिकच्या चेंडूवर तेच शिकवलंत.

दिवाळीत मी आले होते तेव्हा तुम्ही दूध आणायला गेलात आणि मिरजकर तिकटीला उभे राहिलात. तासभर. शेजारचा पोरगा घेऊन आला. तुम्ही म्हणालात, ओळखीचा माणूस भेटला, गप्पा मारत होतो. तो पोरगा माझ्याकडं बघत होता, बाबा. मला दोनदा आत्याच्या नावानं हाक मारलीत. एलआयसीचा हप्ता दोन वेळा भरलात. आई म्हणते, वय झालं, होतंच असं, आणि जुनं तर सगळं आठवतंय की! आई, जुनं आठवणं ही सगळं ठीक असल्याची खूण नव्हे गं. आजार असला तरी जुनं बराच काळ टिकतं. आधी जातं ते कालचं.

असेलच असं मी म्हणत नाही. बी-12 कमी झालं, थायरॉइड बिघडला, तरी माणूस विसरतो आणि ते औषधानं सुधारतं. म्हणून तर बघायचं. शिअररही डोक्याची तपासणी करून आला. फिल्ममध्ये मशीनमध्ये आडवा पडलेला दिसतो. वेम्बलीवर ऐंशी हजार लोकांसमोर पेनल्टी मारणारा माणूस निकालाची वाट बघताना घाबरलेला होता आणि ते त्यानं लपवलं नाही. निकाल चांगला आला. पण वाईट आला असता तर? तरी गेला. "मला काय झालंय?" म्हणून घरी बसला नाही.

दादाशी बोलले आहे. त्यानं मेंदूच्या डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची, सकाळी अकराची वेळ घेतलीय. तुम्ही रागवाल म्हणून तो सांगत नव्हता, सांगायचं काम माझ्याकडं आलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा, मी लांब आहे. रक्त द्यायला आदल्या दिवशी जायचंय. मी गुरुवारी सुट्टी घेतलीय, इथं पहाट असेल, व्हिडिओवर बसते. रिपोर्ट काहीही आला तरी मे महिन्यात मी येतेय, तिकीट काढलंय, दीड महिन्यासाठी. कायमचं यायचं का ह्यावर आल्यावर बोलू. आई, ते फोनवर दर वेळी विचारू नकोस.

तिथं काय होईल ते सांगून ठेवते, म्हणजे बुजायला नको. आज तारीख कुठली, महिना कुठला, असं विचारतील. घड्याळ काढायला सांगतील, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणतील. अर्जेंटिनाची मॅच सांगत बसू नका, ती तुम्हाला ऐंशीव्या वर्षीही मिनिटवार येईल. आणि सुरुवातीला तीन शब्द सांगतील, ते थोड्या वेळानं परत विचारतील.

आई, तेव्हा शेजारून हळूच सांगायचं नाही.

तुमची लेक